कुरण, कळप आणि कॅमेरा

समजा, तुमच्या हातात एक छायाचित्र आहे. उंच पठारावर याकच्या केसांचा एक काळा तंबू. तंबूभोवतीची जमीन उघडी, गवताचे नावही नाही. जमिनीत जागोजाग बिळे. मागे मेंढ्यांचा कळप आणि धुळीचा लोट. आता या चित्राखाली एक ओळ लिहायची आहे. एक जण लिहील, 'अतिचराईमुळे उजाड झालेले कुरण'. दुसरा लिहील, 'हिवाळी तळ, मार्च महिना. नवे गवत फुटायला अजून दोन महिने'. चित्र तेच, पण पहिल्या ओळीवर विश्वास ठेवणारा अधिकारी म्हणेल, 'या लोकांना इथून हलवा'. दुसरी ओळ वाचणारा विचारेल, 'ऑगस्टमध्ये ही जागा कशी दिसते?'

भटक्या पशुपालकांची छायाचित्रे आपण मासिकांत आणि दिनदर्शिकांवर पाहतो. ती बहुधा 'सुंदर' असतात. पण गेल्या चाळीस वर्षांत काही वैज्ञानिकांनी आपले मूळ काम करता करता या लोकांचे जीवन कॅमेऱ्याने नोंदवून ठेवले आहे. असे छायाचित्र पुरावा केव्हा ठरते आणि फसवे केव्हा, हे पाहणे विज्ञानाच्या शिक्षकाला उपयोगाचे आहे, कारण निरीक्षण, नोंद आणि निष्कर्ष यांतला फरक इथे अगदी स्पष्ट दिसतो.

गवताचा प्रदेश

तिबेटचे पठार सुमारे पंचवीस लाख चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याची सरासरी उंची ४,५०० मीटरच्या वर आहे. त्याचा वायव्येकडील विस्तीर्ण भाग म्हणजे चांगथांग, अर्थात 'उत्तरेचे मैदान'. त्याचेच एक टोक आपल्या लडाखमध्ये येते. तिबेटमधल्या पशुपालकांना ड्रोकपा म्हणतात, लडाखमधल्यांना चांगपा. याक, मेंढ्या, शेळ्या आणि घोडे ही त्यांची संपत्ती. आपण ज्याला पश्मिना म्हणतो, ती या शेळ्यांच्या केसांखालची मऊ लव. तिचा एक तंतू १२ ते १५ मायक्रॉन जाडीचा असतो.

इथे शेती जवळजवळ अशक्य आहे. गवत वाढते ते साधारण मे ते सप्टेंबर. उरलेले सात-आठ महिने जनावरांना उभ्या वाळलेल्या गवतावर काढावे लागतात. त्यामुळे पशुपालकाच्या डोक्यात वर्षभर एकच हिशोब चालू असतो: कोणते गवत आज खायचे आणि कोणते राखून ठेवायचे?

संशोधक आणि त्यांचे कॅमेरे

जॉर्ज शॅलर हे नाव आपल्याकडील निसर्गप्रेमींना ठाऊक आहे. १९६३ ते १९६५ या काळात त्यांनी मध्य प्रदेशातील कान्हा येथे वाघ आणि हरणे यांचा अभ्यास केला आणि १९६७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे १९८० च्या दशकात ते चांगथांगमध्ये पोचले, ते तिथल्या वन्य प्राण्यांसाठी: चिरू हे हरणासारखे दिसणारे जनावर, रानटी याक आणि कियांग हे रानगाढव. पण प्राणी मोजता मोजता ते पशुपालकांच्या तंबूंत बसले, चहा प्याले, प्रश्न विचारले आणि छायाचित्रे घेतली. १९९३ मध्ये तिबेटमध्ये चांगथांगचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. ते सुमारे तीन लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राएवढे आहे. शॅलर यांच्या १९९७ च्या पुस्तकाच्या शीर्षकातच वन्यजीव आणि भटके पशुपालक हे दोन्ही शब्द आहेत.

डॅनियल मिलर हे अमेरिकी कुरणतज्ज्ञ सत्तरच्या दशकात स्वयंसेवक म्हणून नेपाळात आले. नंतर काठमांडूच्या एकात्मिक पर्वतीय विकासाच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात त्यांनी कुरणांवर काम केले, शॅलर यांच्याबरोबर चांगथांगच्या कुरणांविषयी लेखनही केले. गवताच्या जाती, चाऱ्याचे उत्पन्न, कळपांची रचना हा त्यांचा विषय. त्याच वाटांवर काढलेल्या कुरणांच्या आणि पशुपालकांच्या छायाचित्रांचे त्यांचे पुस्तक १९९८ मध्ये याच केंद्राने प्रसिद्ध केले.

तिसरे उदाहरण मेल्विन गोल्डस्टीन आणि सिंथिया बील यांचे. गोल्डस्टीन मानवशास्त्रज्ञ; बील यांचा विषय अतिउंचीवर मानवी शरीर कसे जुळवून घेते हा. १९८६ ते १९८८ या काळात दोघे पश्चिम तिबेटातील फाला येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४,८०० मीटर आणि त्याहून अधिक उंचीवर पशुपालकांसोबत राहिले. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात राहणाऱ्यांपेक्षा तिबेटींच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण कमी असते, ही महत्त्वाची गोष्ट बील यांच्या कामातून पुढे आली. त्यामागची जनुके २०१० मध्ये ओळखली गेली. पण या दोघांचे १९९० चे पुस्तक छायाचित्रांनी भरलेले आहे आणि त्याचा विषय आहे लोकांची जगण्याची रीत.

या सर्वांचे पगारी काम वेगळे होते: प्राणी, गवत, रक्त. कॅमेरा ही सोबतची गोष्ट. तरी त्यांच्या छायाचित्रांना वजन आहे. ते का?

तक्त्यात न मावणारी गोष्ट

एक उदाहरण घेऊ. 'शंभर मेंढ्यांचे दूध काढण्यास दोन बायकांना अमुक वेळ लागतो' हे वाक्य तक्त्यात बसते. पण दूध काढायचे कसे? ड्रोकपा मेंढ्यांना दोन ओळींत समोरासमोर उभे करतात, त्यांच्या माना एकमेकींत गुंतवून एकाच लांब दोरीने बांधतात. मेंढ्यांची तोंडे आत, पाठी बाहेर. बायका मागून एकेकीचे दूध काढत पुढे सरकतात. शेवटी दोरीचे एक टोक ओढले की सारी गाठ सुटते आणि कळप मोकळा होतो. हे शब्दांत सांगायला मला पाच वाक्ये लागली, तरी तुमच्या डोळ्यांसमोर ते नीट उभे राहिले असेल याची खात्री नाही. एका छायाचित्रात ते लगेच कळते. शिवाय दोरी कशाची, बायका किती, लहान मुलगी मदतीला आहे का, एखादी शेळी ओळीत आहे का, हे सारे चित्रात आपोआप नोंदले जाते. त्या वेळी संशोधकाला त्यातले काही महत्त्वाचे वाटलेही नसेल. वीस वर्षांनी दुसरा संशोधक तेच चित्र वेगळ्या प्रश्नासाठी वाचू शकतो.

काळ्या तंबूचेही तसेच. याकच्या लांब केसांच्या पट्ट्या विणून, शिवून तो तयार होतो. कोरड्या हवेत वीण थोडी मोकळी राहते, धूर बाहेर पडतो; पाऊस किंवा हिम पडले की केस फुगून वीण घट्ट होते. जुन्या पट्ट्या काढून नव्या जोडत गेल्याने तंबू वर्षानुवर्षे टिकतो. जवळून घेतलेल्या चित्रात जुनी विटकी पट्टी आणि नवी काळीभोर पट्टी शेजारी दिसते, म्हणजे दुरुस्तीचा इतिहासच दिसतो.

चित्र काय सांगत नाही

आता सुरुवातीच्या छायाचित्राकडे परत जाऊ. तंबूभोवतीची जमीन उघडी आहे. पण जिथे कळप रोज रात्री बसतो तिथली जमीन तुडवली जाणारच. आपल्या गोठ्यापुढच्या अंगणात तरी गवत कुठे असते? छायाचित्रकार साहजिकच माणसांजवळ उभा असतो, म्हणून त्याच्या चित्रांत हीच जमीन पुन्हा पुन्हा येते. दोन किलोमीटर पलीकडचे राखलेले गवत चौकटीबाहेर राहते. याला नमुना निवडीतील दोष म्हणतात. तो कॅमेऱ्याचा दोष नाही, उभे राहण्याच्या जागेचा आहे.

दुसरी गोष्ट बिळांची. ती पिका या प्राण्याची. पिका म्हणजे शेपूट दिसत नसलेला, सशाशी नाते असलेला छोटा प्राणी. उजाड जमीन आणि पिकाची बिळे एकाच चित्रात दिसतात, म्हणून पिकानेच जमीन उजाड केली, असे अनेक वर्षे मानले गेले आणि मोठ्या क्षेत्रांवर विष टाकून पिका मारण्यात आले. पण पिकाला शत्रू दुरून दिसावा म्हणून आखूड गवताची मोकळी जागाच आवडते. मग बिळांमुळे उजाडपणा आला, की उजाडपणामुळे बिळे? एक चित्र याचे उत्तर देऊ शकत नाही. त्यात दोन गोष्टी एकत्र दिसतात, कोणती आधीची ते दिसत नाही. १९९९ मध्ये अँड्र्यू स्मिथ आणि मार्क फॉगिन यांनी दाखवून दिले की पिका हा या पठाराच्या जीवसृष्टीचा आधार आहे: त्याच्या बिळांत पक्षी घरटी करतात आणि अनेक शिकारी प्राणी त्याच्यावर जगतात.

तिसरी गोष्ट हालचालीची. 'भटके' म्हटले की शेकडो किलोमीटरचा प्रवास आपल्या मनात येतो. फालामधील कुटुंबे मात्र फार लांब जात नसत. कारण सोपे आहे. आजूबाजूला सगळीकडे गवत एकाच वेळी उगवते आणि एकाच वेळी वाळते. लांब जाऊन हिरवे गवत मिळणार नाही. हिमालयाच्या उतारांवर तसे नाही, तिथे उंचीप्रमाणे ऋतू बदलतो. फालातले लोक शरद ऋतूत एका राखलेल्या कुरणावर जात, जेणेकरून तळाजवळचे गवत हिवाळ्यासाठी शिल्लक राहावे. ही योजना एकाही छायाचित्रात दिसणार नाही. ती विचारूनच कळते.

चित्राची नोंद कशी होते?

मग उपाय काय? एक उपाय म्हणजे तेच चित्र पुन्हा घेणे. याची सुरुवात हिमनद्यांच्या अभ्यासातून झाली. १८८८ च्या सुमारास सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी आल्प्समध्ये ठरावीक जागांवरून हिमनद्यांची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला. अमेरिका-मेक्सिको सीमेवरील वाळवंटाची जुनी छायाचित्रे शोधून, त्याच जागी उभे राहून पुन्हा चित्रे घेण्याचा हेस्टिंग्ज आणि टर्नर यांचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. कुरणांसाठी हीच पद्धत वापरतात. जागा तीच, दिशा तीच, भिंग तेच, महिना तोच. शिवाय त्या वर्षीच्या पावसाची नोंद हवी, नाहीतर दुष्काळी वर्षाची तुलना चांगल्या वर्षाशी होईल.

दुसरा उपाय म्हणजे मोजणे. भिंगाच्या नाभीय अंतराचे प्रतिमेच्या उंचीशी जे प्रमाण, तेच दूरच्या वस्तूच्या अंतराचे तिच्या उंचीशी असते. समजा, ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग आहे, तंबू १०० मीटरवर आहे आणि फिल्मवर त्याची प्रतिमा ३ मिलिमीटर रुंद आहे. ३ भागिले ५० गुणिले १००, म्हणजे तंबू ६ मीटर रुंद. दहावीच्या समरूप त्रिकोणांचा हा थेट उपयोग आहे. अंतर ठाऊक नसेल तर चौकटीत एक मीटरची खुणा केलेली काठी उभी करावी. गवताची उंची अशीच नोंदतात.

तिसरा उपाय वहीचा. चित्राचा क्रमांक, तारीख, वेळ, जागा, दिशा आणि चित्रातल्या माणसाने काय सांगितले ते. फिल्मच्या काळात एका रिळात ३६ चित्रे मिळत आणि पुढचे दुकान कित्येक दिवसांच्या वाटेवर असे. त्यामुळे प्रत्येक चित्र विचारपूर्वक घेतले जाई. आता हजार चित्रे सहज निघतात, पण वही नसेल तर सहा महिन्यांनी ती चित्रे कुठली, हे घेणाऱ्यालाही सांगता येत नाही.

उंचीवर कॅमेरा

पठारावर कॅमेरा चालवणे हा भौतिकशास्त्राचाच धडा आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक असे गृहीत धरतो की समोरचे दृश्य मध्यम करडे आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परावर्तित करते. ताजे हिम मात्र ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत पाठवते. मापक फसतो, प्रकाश कमी घेतो, हिम मळकट करडे दिसते आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. म्हणून हिमात मापक सांगेल त्याच्या दुप्पट ते चौपट प्रकाश द्यावा लागतो. काळा तंबू चौकट भरून असेल तर याच्या उलट करावे लागते.

थंडीत विद्युतघटातील रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून घट अंगरख्याच्या आत ठेवतात. थंड कॅमेरा एकदम उबदार, चहाच्या वाफेने भरलेल्या तंबूत आणला तर भिंगावर दव जमते. त्याला आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आत आणले की दव पिशवीवर जमते. कोरड्या थंडीत फिल्म भराभर गुंडाळली तर घर्षणाने स्थिर विद्युत निर्माण होऊन ठिणग्यांचे ठसे फिल्मवर उमटत. तिबेटमध्ये काम करणाऱ्याला हे सारे सांभाळून आपले मूळ काम करायचे असे.

पणाला काय लागले आहे?

ही चर्चा केवळ छायाचित्रणाची नाही. चीनमध्ये १९८५ मध्ये कुरणांविषयी कायदा झाला. पुढे सामाईक कुरणे कुटुंबांना वाटून देणे, तारेचे कुंपण घालणे, पशुपालकांसाठी पक्की घरे बांधणे यांवर भर दिला गेला. २००३ पासून काही कुरणांवरील चराई थांबवण्याची मोठी योजना आली. या धोरणांमागे एक समजूत होती: कुरण बिघडले आहे आणि ते कळपांमुळे बिघडले आहे. काही ठिकाणी चराईचा भार खरोखर वाढला होता. पण गोठलेल्या जमिनीचे वितळणे, पावसातील चढउतार, कुंपणांमुळे एकाच जागी अडकलेले कळप ही कारणेही आहेत. पठाराच्या पूर्वेकडील फार मोठ्या भागावर कोब्रेसिया या गवतासारख्या वनस्पतीची दोन-तीन सेंटिमीटर उंचीची घट्ट हिरवळ आहे. ही हिरवळ चराईशी जुळवून घेतलेली आहे. काही ठिकाणी चराई पूर्ण थांबवली की उंच गवते वाढून तिची जागा घेतात. म्हणजे कळप हा या कुरणाचा शत्रूच आहे असे सरसकट म्हणता येत नाही.

लडाखमध्ये कथा वेगळी आहे. तिबेटशी असलेली सीमा बंद झाल्यावर चांगपांची काही हिवाळी कुरणे गेली आणि त्याच काळात तिबेटी निर्वासितांचे कळप आले. खरनाकची अनेक कुटुंबे नंतर जनावरे विकून लेहजवळ राहायला गेली. रिकाम्या झालेल्या तळावर पूर्वी किती तंबू लागत, हे सांगायला आज जुनी छायाचित्रे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी एवढेच उरते.

चित्र कोणाचे?

शॅलर यांच्या कामातील एक प्रसंग शिक्षकांनी वर्गात चर्चेला घ्यावा असा आहे. शाहतूश ही अतिमुलायम लोकर झुडपांना अडकलेली गोळा करतात, असे व्यापारी सांगत. पशुपालकांच्या तंबूंत शॅलर यांना चिरूंची कातडी आणि लोकर दिसली, आणि ही लोकर मारलेल्या चिरूंची असते, हे त्यांनी जगापुढे आणले. एका शालीसाठी तीन ते पाच चिरू मारले जातात. या नोंदींमुळे चिरू वाचवण्याच्या मोहिमेला बळ मिळाले. पण विचार करा: ज्याने विश्वासाने तंबूत बसवून चहा दिला, त्या गरीब माणसाचा चेहरा कातड्यांसह छापला तर शिक्षा त्याला होईल, शाल विकणारा मोठा व्यापारी चित्रात नसतो. पुरावा हवा आणि माणूसही वाचला पाहिजे, अशा वेळी कातडी आणि लोकर दाखवावी, चेहरा आणि जागा दाखवू नये.

बाकीचे नियम साधे आहेत. आधी विचारावे, नकार आला तर कॅमेरा ठेवून द्यावा. चित्र देण्याचे वचन दिले तर ते पोचवावे. पैसे देऊन 'पारंपरिक' पोशाख घालायला लावू नये. मेंढपाळाच्या हातात मोबाईल असेल तर तोही चित्रात असू द्यावा, कारण तीच खरी नोंद आहे.

आपल्या गावात

हे करायला तिबेटला जाण्याची गरज नाही. आपल्याकडे गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी फिरून धनगरांच्या वाटा, त्या वाटांवरची देवस्थाने आणि अश्मयुगीन दगडी पाती यांचा संबंध शोधला. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांचा सह्याद्रीतील गवळी धनगरांविषयीचा परिसरशास्त्रीय अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुष्काळी पट्ट्यातले मेंढपाळ पावसाळा संपल्यावर बाहेर पडतात. त्यांचा वाडा तुमच्या शिवारात उतरला असेल तर मुलांना घेऊन जा. शेतकरी रानात मेंढ्या बसवतो, कारण त्याला लेंडीखत हवे असते. ज्या शेतात मेंढ्या बसल्या ते एक आणि शेजारचे न बसलेले एक, अशी दोन शेते निवडा. बांधावरच्या दगडावर रंगाने खूण करा. तिथूनच, त्याच दिशेने, दर पंधरा दिवसांनी, शक्यतो त्याच वेळी दोन्ही शेतांचे चित्र घ्या. चौकटीत मीटरची काठी असू द्या. वहीत लिहा: किती मेंढ्या, किती रात्री बसल्या, मोबदला धान्यात की पैशांत, पेरणी कधी, पाऊस किती. दोन्ही शेतांत पीक एकच आहे का, दोघांनी दुसरे कोणते खत घातले का, हेही विचारा. नाहीतर पिकाच्या तफेची, म्हणजे चुकीच्या तुलनेची, गत पिकासारखीच होईल.

आणि एक काम विसरू नका. चित्रे छापून झाली की ती घेऊन वाड्यावर जा आणि घरातल्या म्हातारीला विचारा, 'आजी, या चित्राखाली काय लिहू?' तुमच्या वर्गात त्या वाड्यावरचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर ते काम त्यांच्याकडेच द्या. त्यांनी सांगितलेली ओळ जशीच्या तशी लिहा, खाली तारीख घाला, आणि एक प्रत त्यांच्याजवळ ठेवून या.